मिशिगनचा निकाल लागला म्हणजे नेमकं काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन वर्षांनी नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी रात्री मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायच्या घरी फोन वाजतो. इथे रात्रीचे आठ, पुण्यात बुधवारची सकाळ, साडेसहा. मामांचा पहिला चहा झालेला असतो, पेपर यायचा असतो. "काय रे, मिशिगन कुणाकडे?" मी म्हणतो, "मामा, आत्ता कुठे मतदान संपलंय." "मग टीव्हीवर आकडे पळतायत ते?" "ते जॉर्जियाचे." इथून पुढे अर्धा तास. हेच प्रश्न ऑफिसात पुण्याहून, चाकणहून नव्याने आलेली मुलं विचारतात, हेच व्हॉट्सॲपवर येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. उत्तरं फक्त मिशिगनपुरती आहेत. शेजारच्या ओहायोत गेलात की नियम बदलले.

ऑगस्टमध्ये निकाल, नोव्हेंबरमध्ये पुन्हा निकाल. एकच निवडणूक दोनदा कशाला?

एकच नाही, दोन आहेत. ऑगस्टची ती प्रायमरी, म्हणजे प्राथमिक निवडणूक. आपल्याकडे तिकीटवाटप होतं ना, पक्षश्रेष्ठींच्या दारात रांगा, शेवटच्या रात्री एबी फॉर्म, सकाळी बंडखोरी? ते काम इथे मतदार करतात. डेमोक्रॅटिक पक्षाकडून कोण आणि रिपब्लिकन पक्षाकडून कोण, हे ऑगस्टमध्ये मतपेटीतून ठरतं. जे निवडून येतात ते नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहतात.

तारखा कायद्यानेच बांधलेल्या आहेत: सम वर्षी, त्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. २०२४ मध्ये ६ ऑगस्ट आणि ५ नोव्हेंबर, २०२६ मध्ये ४ ऑगस्ट आणि ३ नोव्हेंबर. राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी मात्र वेगळी आणि आधी होते. २०२४ मध्ये ती २७ फेब्रुवारीला झाली. त्या वर्षी मिशिगनच्या मतदाराला राज्यपातळीवरच तीनदा मत द्यायचं होतं.

मी कुठल्याच पक्षाचा सदस्य नाही. तरी प्रायमरीत मत?

हो. मिशिगनमध्ये मतदारनोंदणी करताना पक्ष विचारतच नाहीत. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात. तुम्ही एक रकाना निवडायचा आणि त्यातच राहायचं. कुठला निवडलात हे कुणाला कळत नाही.

गोची इथेच आहे. एका पदासाठी इकडचा आणि दुसऱ्या पदासाठी तिकडचा उमेदवार निवडलात, तर पक्षीय भागातली तुमची सगळी मतं बाद. मतदान केंद्रावर असाल तर मतपत्रिका आत सरकवताच यंत्र कुरकुर करतं आणि तुम्हाला नवी मतपत्रिका मागता येते. घरी बसून टपालाने पाठवली असेल तर कुरकुर करायला कोणी नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी नागरिकत्व मिळाल्यावरच्या पहिल्याच ऑगस्टमध्ये "दोन्हीकडची चांगली माणसं" मोठ्या निष्ठेने निवडली होती. पाकीट बंद करून, टपालपेटीत टाकून, मग कौतुकाने आम्हाला सांगितलं. काय बोलणार?

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत पद्धत उलटी. तिथे कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते लेखी मागावं लागतं आणि तुम्ही कुठली मागितली याची नोंद राहते. मत कुणाला दिलं ते मात्र गुप्तच.

सगळ्याच पदांचे उमेदवार ऑगस्टमध्ये ठरतात का?

नाही. गव्हर्नर, सेनेटर, काँग्रेसचे (पक्ष नव्हे, अमेरिकन संसदेचं कनिष्ठ सभागृह) आणि विधिमंडळाचे सदस्य प्रायमरीतून येतात. पण लेफ्टनंट गव्हर्नर, राज्याचे ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुकांचं काम बघणारं पद), मोठ्या विद्यापीठांच्या मंडळांचे सदस्य यांची नावं पक्षांची अधिवेशनं ठरवतात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची तर गंमतच आहे. त्यांना पक्ष अधिवेशनात उमेदवारी देतो आणि मतपत्रिकेवर मात्र त्यांच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. पक्ष कोणता हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

मग खरा निकाल कुठला, ऑगस्टचा की नोव्हेंबरचा?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण भारतातले बहुतेक जण (आणि इथलेही निम्मे) ऑगस्टकडे ढुंकून बघत नाहीत. माझं मत सांगतो: राज्यभरच्या पदांसाठी नोव्हेंबर, पण बऱ्याच मतदारसंघांत खेळ ऑगस्टमध्येच आटोपलेला असतो.

तेरावा काँग्रेस मतदारसंघ घ्या. यात डेट्रॉईटचा मोठा भाग येतो. इथे डेमोक्रॅटिक उमेदवार म्हणजे जवळजवळ निवडून आलेला खासदार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या पक्षाचे नऊ उमेदवार होते आणि श्री ठाणेदार जेमतेम २८ टक्के मतांवर पहिले आले. नोव्हेंबरात त्यांनाच ७१ टक्के मिळाली. बातम्यांत ७१ चा आकडा झळकला, पण दिल्लीचं तिकीट, म्हणजे वॉशिंग्टनचं, त्या २८ टक्क्यांनी काढलं होतं.

आता त्याच वर्षीचा तिसरा मतदारसंघ बघा, ग्रँड रॅपिड्सचा. खासदार होते रिपब्लिकन पीटर मायर. ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या मोजक्या रिपब्लिकनांपैकी एक. प्रायमरीत ट्रम्प यांनी जॉन गिब्स यांना पाठिंबा दिला. आणि कहर म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या काँग्रेस प्रचार समितीने सुमारे सव्वाचार लाख डॉलर खर्चून गिब्स किती कट्टर आहेत याची जाहिरात केली. दिसायला ती टीका, पण ती रिपब्लिकन मतदारांना भावेल हा हिशेब. मायर थोडक्यात पडले. नोव्हेंबरात हिलरी शोल्टन यांनी गिब्स यांना आरामात हरवलं आणि जागा डेमोक्रॅटांकडे गेली. समोरच्या संघात आपल्या सोयीचा पैलवान निवडून आणायचा हा डाव आपल्या जिल्हा परिषदेच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

श्री ठाणेदार २०१८ मध्ये हरले होते ना? मग चार वर्षांत काय बदललं?

चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस अमेरिकन काँग्रेसात, त्यामुळे हा प्रश्न येतोच. २०१८ मध्ये ते गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले. रसायनशास्त्रातले डॉक्टरेट, उद्योजक, खिशातला भरपूर पैसा. ७ ऑगस्टचा निकाल: ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के, अब्दुल अल-सय्यद ३० टक्के, ठाणेदार सुमारे १८ टक्के. मतं मात्र दोन लाखांच्या वर होती.

त्यानंतर त्यांनी मैदान छोटं केलं. २०२० मध्ये डेट्रॉईटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले, २०२२ मध्ये काँग्रेसवर. इथे 'सर्वाधिक मतं तो विजयी' असाच नियम आहे, आपल्यासारखा. दुसरी फेरी नाही, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. नऊ जणांत मतं फुटली आणि एकट्याचा पैसा मोठा, हे गणित जुळलं. त्याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉईटला १९५० च्या दशकानंतर पहिल्यांदाच काँग्रेसात कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. शहरात याची नाराजी होती, आजही आहे. आपण इकडे पेढे वाटत होतो तेव्हा तिकडे अनेकांना ती हार वाटत होती. २०२४ च्या प्रायमरीतही ठाणेदारांना आव्हान होतं, पण त्यांनी निम्म्याहून अधिक मतं घेतली.

उमेदवारी अर्ज बाद होतात का? अनामत किती?

काँग्रेस, सेनेट किंवा गव्हर्नरपदासाठी अनामत नाही, सह्या लागतात. काँग्रेससाठी मतदारांच्या एक हजार वैध सह्या, गव्हर्नर किंवा सेनेटरपदासाठी पंधरा हजार. ऐकायला सोपं वाटतं, पण मोठमोठे इथेच घसरतात. २०२२ मध्ये गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन इच्छुक प्रायमरीआधीच बाद झाले. त्यात डेट्रॉईटचे माजी पोलीस प्रमुख जेम्स क्रेग होते, जे तोवर आघाडीवर मानले जात. पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांनी हजारो खोट्या सह्या घरबसल्या ठोकल्या होत्या. २०२४ मध्ये ठाणेदारांचे मुख्य प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर हेही सह्या कमी पडल्याने मतपत्रिकेवर येऊच शकले नाहीत. निकाल ऑगस्टमध्ये लागतो म्हणालो, कधी कधी तो मे महिन्यातच लागतो.

'अनकमिटेड' म्हणजे आपला नोटाच का?

राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीपुरता, साधारण तसंच. फरक एवढा की नोटाला मिळालेल्या मतांचं पुढे काही होत नाही, इथे 'अनकमिटेड'ला पुरेशी मतं मिळाली तर कुणालाही न बांधलेले प्रतिनिधी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाझातल्या युद्धावरून नाराज मतदारांनी बायडन यांच्याविरुद्ध हाच पर्याय वापरला. राज्यभर १३ टक्के, एक लाखाच्या वर मतं. डिअरबॉर्नमध्ये, जिथे अरब अमेरिकन वस्ती मोठी आहे, 'अनकमिटेड' बायडन यांच्याही पुढे गेलं. तेव्हा बऱ्याच पंडितांनी "प्रायमरीतला राग आहे, निवळेल" म्हणून हात झटकले. नोव्हेंबरात त्याच डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले.

याआधी २००८ मध्ये 'अनकमिटेड'ला तब्बल ४० टक्के मिळाली होती. पण तेव्हा तारखेच्या वादावरून ओबामांनी मतपत्रिकेवरून नावच काढून घेतलं होतं. नुसते टक्के बघून तुलना करणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

भारतात किती वाजता उठून बसायचं?

मतदान स्थानिक वेळेनुसार रात्री आठला संपतं. नोव्हेंबरात तेव्हा भारतात सकाळचे साडेसहा, ऑगस्टमध्ये साडेपाच, कारण तेव्हा इथली घड्याळं एक तास पुढे असतात. पण मिशिगनमध्ये दोन प्रमाणवेळा चालतात. अपर पेनिन्सुलाच्या पश्चिम टोकाच्या चार काउंटी, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे (गोगेबिक, आयर्न, डिकिन्सन, मेनॉमिनी) विस्कॉन्सिनच्या घड्याळावर आहेत. तिथे मतदान तासभर उशिरा संपतं, आणि ते संपेपर्यंत वाहिन्या राज्याचा कौल सांगत नाहीत. म्हणून मामांना माझा सल्ला: अंघोळ, पूजा, नाश्ता सगळं उरकून घ्या. अटीतटीची लढत असेल तर दुपारचं जेवणही.

रात्री पुढे असलेला सकाळी मागे कसा पडतो? घोळ तर नाही?

कुठली मतं कधी मोजली जातात त्यावर सगळं आहे. आपल्याकडे टपाली मतं आधी मोजायला घेतात आणि ती असतात थोडी. इथे २०२० मध्ये, कोरोनाच्या वर्षी, ५५ लाखांहून जास्त मतांपैकी ३३ लाखांच्या आसपास टपाली किंवा अनुपस्थित मतदारांची होती. आणि कायदा असा की मोठ्या शहरांनासुद्धा आदल्या दिवशी फक्त दहा तास बाहेरची पाकिटं उघडायची मुभा. मोजायला सुरुवात मंगळवारी. ट्रम्प यांचे मतदार केंद्रावर गेलेले, ती मतं लगेच मोजून झाली. बायडन यांचे पाकिटात, ती रात्रभर डेट्रॉईटच्या प्रदर्शन केंद्रात मोजली जात होती. पहाटे चित्र फिरलं आणि मग जे काही रामायण झालं ते जगाने पाहिलं. शेवटी बायडन १,५४,१८८ मतांनी पुढे राहिले.

त्यानंतर कायदा बदलला. आता पाच हजार किंवा त्याहून जास्त वस्तीच्या गावांना आठ दिवस आधीपासून टपाली मतं यंत्रातून काढता येतात, आकडे मात्र मंगळवारी रात्री आठपर्यंत बंद. शिवाय २०२२ च्या जनमत कौलाने नऊ दिवसांचं लवकर मतदान आलं. त्यामुळे २०२४ मध्ये ती रात्र बरीच शांत गेली.

ईव्हीएम आहेत का?

नाहीत. राज्यभर कागदी मतपत्रिका. नावापुढची अंडाकृती खूण पेनाने भरायची, वरची क्रमांकाची चिठ्ठी कर्मचारी फाडून घेतो, म्हणजे मतपत्रिका कुणाची हे कळायला मार्ग राहत नाही, आणि मग आपण ती यंत्रात सरकवायची. यंत्र मोजतं, कागद खालच्या पेटीत पडतो. बाहेर पडताना स्टिकर मिळतं. २०२४ मध्ये राज्याने स्टिकरची स्पर्धा घेतली, त्यात बारा वर्षांच्या मुलीने काढलेला अंगातला शर्ट टराटरा फाडणारा लांडगा-माणूस जिंकला. आमच्या फ्रिजवर तो अजून आहे.

कागदाचं मोल अँट्रिम काउंटीत कळलं. पक्की रिपब्लिकन काउंटी, पण २०२० च्या रात्री तिथे बायडन पुढे दिसले. मतपत्रिकेत शेवटच्या घडीला बदल झाले होते आणि सगळी यंत्रं त्यानुसार नीट अद्ययावत केली गेली नव्हती, त्यामुळे आकडे चुकीच्या नावापुढे बसले. दुसऱ्याच दिवशी चूक सापडली, पण अफवा काही थांबेनात. डिसेंबरमध्ये अध्यक्षपदाची सगळी मतं हाताने मोजली. ट्रम्प यांची आघाडी फक्त बारा मतांनी बदलली.

निकाल अधिकृतपणे जाहीर कोण करतं?

भारतीयांना हे पचायला जड जातं. इथे निवडणूक आयोग नाही, दिल्लीसारखं एक केंद्र नाही. निवडणूक घेतात गावोगावचे क्लार्क (कारकून नव्हे, गावाची निवडणूक सांभाळणारे अधिकारी), पंधराशेहून अधिक शहरं आणि टाउनशिप. त्यांचे आकडे ८३ काउंटींकडे जातात. मंगळवारी रात्री "अमुक जिंकला" असं जे सांगितलं जातं ते असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्था आपल्या हिशेबावर सांगतात. सरकारच्या लेखी तेव्हा कोणीच जिंकलेलं नसतं.

मग प्रत्येक काउंटीचं चार जणांचं मंडळ, दोन पक्षांचे दोन-दोन, चौदा दिवसांत ताळा जुळवतं: मतदारयादीवर किती नावांवर खूण, पेटीत किती कागद. आकडा जुळला नाही तर पेट्या उघडायच्या, कारण शोधायचं. बहुतेक वेळा कोणीतरी रांगेला कंटाळून मतपत्रिका न टाकताच घरी गेलेला असतो. त्यानंतर राज्याचं मंडळ, पुन्हा दोन-दोन, निकाल प्रमाणित करतं. २०२० मध्ये डेट्रॉईट ज्यात येतं त्या वेन काउंटीचं मंडळ १७ नोव्हेंबरला आधी दोन-दोन असं अडकलं आणि त्याच रात्री फिरलं. २३ नोव्हेंबरला राज्य मंडळात एका रिपब्लिकन सदस्याने, ॲरन व्हॅन लँगव्हेल्ड यांनी, "आमचं काम फक्त आकडे प्रमाणित करण्याचं" या भूमिकेतून बाजूने मत दिलं, दुसऱ्याने मतदान टाळलं, आणि तीन-शून्य असा निकाल मंजूर झाला. एरवी या सभेला कुत्रं फिरकत नाही. त्या दिवशी हजारो लोक ती थेट बघत होते. पुढे २०२२ च्या घटनादुरुस्तीने मंडळाचं काम आकडे मंजूर करण्यापुरतंच आहे हे लिहूनच टाकलं.

फेरमोजणी कधी?

राज्यभरच्या पदासाठी फरक दोन हजार किंवा कमी असेल तर आपोआप. नाहीतर उमेदवाराने मागायची आणि पैसे भरायचे. २०१६ मध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी जिंकले तेव्हा ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांनी मागितली, सुरूही झाली, कोर्टाने थांबवली. २०२२ मध्ये दहाव्या मतदारसंघात जॉन जेम्स अवघ्या १,६०० मतांनी जिंकले, पण ते पद राज्यभरचं नव्हतं.

२०२४ मध्ये ट्रम्प जिंकले, मग सेनेटची जागा डेमोक्रॅटांना कशी?

आकडे समोर ठेवू. ट्रम्प २८,१६,६३६, कमला हॅरिस २७,३६,५३३. फरक ८०,१०३. त्याच मतपत्रिकेवर सेनेटसाठी डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन २७,१२,६८६ आणि रिपब्लिकन माइक रॉजर्स २६,९३,६८०. फरक १९,००६.

बहुतेक जण म्हणाले की स्लॉटकिन हॅरिसपेक्षा लोकप्रिय. पण नीट बघा, स्लॉटकिन यांना हॅरिसपेक्षा सुमारे २४ हजार मतं कमीच आहेत! जिंकल्या त्या रॉजर्स यांची गळती मोठी म्हणून. ट्रम्प यांना मत देणाऱ्यांच्या संख्येपेक्षा रॉजर्स तब्बल १ लाख २३ हजारांनी मागे राहिले. ट्रम्प यांच्यासाठी घराबाहेर पडलेला एक मतदार असा आहे, जो वरची एक खूण भरतो आणि खालचं काही वाचत नाही, किंवा तिसऱ्याच कुणाला देतो. त्याच रात्री राज्याचं प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे गेलं, ५८ विरुद्ध ५२, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दोन्ही जागा डेमोक्रॅटांनी सुचवलेल्या उमेदवारांनी जिंकल्या. "मिशिगन कुणाकडे" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं म्हणूनच जमत नाही.

आकडे यायला लागले की कुठली काउंटी बघायची?

मी सॅगिनॉ बघतो. २०१२ ओबामा, २०१६ ट्रम्प, २०२० बायडन (फक्त ३०३ मतांनी), २०२४ ट्रम्प. मॅकम बघायची ती कामगार वस्तीचा कल कळायला, केंट बघायची ती ग्रँड रॅपिड्स किती निळं, म्हणजे डेमोक्रॅटिक, झालं ते कळायला. ओकलंडमध्ये ट्रॉय, नोव्हाय, म्हणजे आम्ही. वेन काउंटी नेहमी उशिरा येते, तिच्याआधी पेढे आणू नका.

एच-वन किंवा ग्रीन कार्डवर मत देता येतं का?

नाही. नागरिकच. नागरिक झालात तर मतदानाच्या दिवशीही रात्री आठपर्यंत क्लार्कच्या कार्यालयात जाऊन नोंदणी आणि मतदान दोन्ही करता येतं.

आकडे स्वतः बघायचे तर कुठे?

राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर सगळ्या राज्याचे, पण ते सावकाश येतात. घाई असेल तर थेट त्या त्या काउंटीच्या क्लार्कचं संकेतस्थळ उघडा, केंद्रनिहाय आकडे तिथेच आधी पडतात. वर 'अनधिकृत' असं लिहिलेलं असेल, ते दोन आठवडे तसंच राहणार. मामांना मी ओकलंडचं पान पाठवून ठेवलंय. ते आता मला फोन करून सांगतात, "अरे, तुमच्या नोव्हायची दोन केंद्रं अजून बाकी आहेत."